अॅम्प्लिफायर वाढवण्याआधी कान तपासा

वाचकहो, या सदरात आपण मधुमेह, रक्तदाब, सर्पदंश, पावसाळ्यातले आजार असे नेहमीचे विषय घेतो. आजचा विषय वाचून काहीजण म्हणतील, मोटरसायकलच्या स्पीकरशी डॉक्टरांचा काय संबंध? ते काम गॅरेजवाल्याचे. पण अलीकडे दवाखान्यात कानाची तक्रार घेऊन येणाऱ्यांत तीस ते पंचेचाळीस वयाचे, एरवी धडधाकट असे गडी दिसू लागले आहेत. त्यांना ना कानफुटीचा त्रास, ना सर्दीचा. चौकशी केली की कळते, शनिवार-रविवार मोठ्या गाडीवर लांबच्या सफरी, आणि गाडीवर गाणी. गाणी नीट ऐकू येत नाहीत म्हणून आता मोठे स्पीकर आणि मोठा अॅम्प्लिफायर बसवण्याचा बेत. हा बेत करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आजचा लेख.

हौस जुनीच आहे

गाडीवर गाणी ऐकण्याची ही पद्धत मूळची अमेरिकेतली. तिथे शेकडो मैलांचे सरळ रस्ते, दिवसदिवस चालणारा प्रवास, आणि त्यासाठी बनवलेल्या जड, आरामशीर गाड्या. होंडाची गोल्ड विंग १९७५ च्या मॉडेलपासून बाजारात आली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यावर रेडिओ आणि कॅसेट दिसू लागली. हार्ले डेव्हिडसनच्या मोठ्या टूरिंग गाड्यांनाही पुढच्या फेअरिंगमध्ये स्पीकर असतात. कंपनीने दिलेले स्पीकर काढून त्याजागी जास्त ताकदीचे बसवणे हा तिथे एक मोठा धंदाच आहे. हार्ले २००९-१० च्या सुमारास भारतात आली, पुढे २०२० मध्ये तिने इथला आपला कारखाना बंद करून हीरो मोटोकॉर्पशी करार केला. तोवर ही हौस आपल्या जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचली होती. आता तर बुलेटच्या हँडलला बांधायचे ब्लूटूथ स्पीकर आणि हेल्मेटच्या आत चिकटवायचे चपटे स्पीकरही सर्रास मिळतात.

हौसेला माझा विरोध नाही. माणसाने फिरावे, गाणी ऐकावीत. फक्त आपल्या कानाची क्षमता किती, हे जाणून खर्च करावा.

स्पीकर गेले की कान?

एक उदाहरण सांगतो. आमच्याच भागातला तिशी ओलांडलेला एक व्यावसायिक, लहानपणापासून माझ्याकडेच औषधाला येणारा. मोठी टूरिंग गाडी, महिन्यातून दोनदा कोकण नाहीतर गोवा, वर्षातून एकदा लांबचा पल्ला. आला होता खांदेदुखीसाठी. बोलता बोलता म्हणाला, "डॉक्टर, गाडीचे स्पीकर पार गेलेत. नवीन होते तेव्हा शब्दन् शब्द कळायचा. आता नुसती धडधड ऐकू येते. चारशे वॉटचा अँप बघून ठेवलाय."

मी विचारले, "घरात टीव्हीचा आवाज कोण वाढवतं रे?"

उत्तर बरोबर आलेल्या आईने दिले. "हाच वाढवतो. आणि मागून हाक मारली तर ओ देत नाही. आम्ही म्हणतो, लक्ष नाही याचं."

आणखी विचारल्यावर त्याने सांगितले, की रात्री अंथरुणावर पडले की रातकिड्यांचा आवाज येतो. घर उसाच्या फडाला लागून, त्यामुळे त्याला त्यात काही वावगे वाटले नव्हते. पण रातकिडे भर उन्हाळ्यात, दारे-खिडक्या बंद असताना, दोन्ही कानांत सारखेच कसे ओरडतील?

कान-नाक-घसातज्ज्ञांकडे पाठवून श्रवणाची तपासणी करून घेतली. तिला ऑडिओग्राम म्हणतात. खालच्या पट्टीचे आवाज त्याला व्यवस्थित ऐकू येत होते. वरच्या पट्टीत, ४००० हर्ट्झच्या आसपास, दोन्ही कानांच्या आलेखात खड्डा पडला होता. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ही ओळखीची खूण आहे. मग मी त्याला एक साधी गोष्ट करायला सांगितली. गाडी दारात उभी करून तेच गाणे सोळा वर्षांच्या भाच्याला ऐकवायचे. भाचा म्हणाला, "मामा, एकदम क्लिअर आहे की!"

स्पीकर शाबूत होते. ते चारशे वॉट आणले असते, तर उरलेसुरले ऐकणेही गेले असते.

कानात नेमके काय घडते

बाहेरचा आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो. पडद्यामागच्या तीन नाजूक हाडांमधून तो अंतःकर्णात जातो. तिथे गोगलगाईच्या शंखासारखा वेटोळे घेतलेला एक अवयव असतो. त्याच्या आत प्रत्येक कानात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाची लहर आली की त्या डोलतात आणि मज्जातंतूवाटे मेंदूला संदेश देतात.

शेतातल्या गवतावरून एकदा चालून गेलात तर ते वाकते आणि थोड्या वेळाने उभे राहते. रोज त्याच वाटेने गेलात तर तिथे पायवाट पडते, पुन्हा गवत येत नाही. केसपेशींचे तसेच आहे. एखाद्या दिवशी फार आवाज झाला तर कानाला दडे बसतात, शिट्टी वाजते आणि दुसऱ्या दिवशी बरे वाटते. असे वारंवार झाले की पेशी मरतात. माणसाच्या कानात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. त्यासाठी गोळी नाही, इंजेक्शन नाही, शस्त्रक्रिया नाही.

पहिला मार वरच्या पट्टीला बसतो. बोलण्यातली 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजने याच पट्टीत येतात. त्यामुळे माणसाला आवाज येतो, पण शब्द कळत नाही. गाण्यातला ढोलक ऐकू येतो, झांज आणि शब्द हरवतात. मग वाटते, स्पीकर खराब झाला.

वाऱ्याचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. गाडीवर कानाचा सर्वांत मोठा शत्रू इंजिन नाही, सायलेन्सर नाही आणि बहुधा गाणीही नाहीत. तो आहे वारा. हेल्मेटच्या खालच्या कडेशी आणि मानेजवळ वारा घुसळतो आणि त्याची घरघर थेट कानाशी होते. बंद हेल्मेट घातले तरी ती थांबत नाही.

ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात डॉक्टरांनी हेल्मेटच्या आत, कानाजवळ मायक्रोफोन लावून हे मोजले. ताशी ६० किलोमीटरच्या सुमारास ९० डेसिबल आणि १६० च्या सुमारास ११० डेसिबल, असे आकडे आले. आपल्या हायवेवरच्या ८०-१०० च्या वेगाला आकडा या दोहोंच्या मधला येतो. हेल्मेट आणि काच यांप्रमाणे तो बदलतो. हिशेबासाठी आपण ९४ धरू.

डेसिबलचे माप साध्या बेरजेचे नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्यातली ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने घालून दिलेली मर्यादा अशी, की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास, ८८ मध्ये ४ तास, ९१ मध्ये २ तास, ९४ मध्ये १ तास आणि १०० मध्ये फक्त १५ मिनिटे. म्हणजे आपल्या ९४ च्या हिशेबाने दिवसाचा वाटा तासाभरातच संपला. पुण्याहून गोव्याला जायला नऊ-दहा तास लागतात. बाकीचे सगळे तास कान उधारीवर चालतो.

यात गाणे घालू. वाऱ्याच्या घरघरीवर गाणे कळायचे तर ते वाऱ्याहून थोडे मोठे हवे. समजा ९७ डेसिबल. वारा आणि गाणे मिळून कानाशी सुमारे ९९ डेसिबल होतात. त्याची मर्यादा वीस मिनिटांच्याही आत. इतक्या वेळात तर गावची वेसही मागे पडत नाही.

वॉटचे गणित

दुकानदार वॉट सांगतो. गिऱ्हाईकाला वाटते, २० वॉटच्या जागी २०० वॉट म्हणजे दहापट मोठा आवाज. तसे होत नाही. तोच स्पीकर २० ऐवजी २०० वॉटवर चालवला तर आवाज १० डेसिबलने वाढतो आणि आपल्याला तो साधारण दुप्पटच वाटतो. पण अंतःकर्णावर पडणारी ऊर्जा खरोखरीच दहापट होते आणि सुरक्षित वेळ एक दशांशावर येतो. कानाला आवाजाचा अंदाज असा कमी येतो आणि इजा मात्र पुरेपूर होते.

दुसरी गोष्ट स्पीकरच्या जातीची. खोक्यावर 'सेन्सिटिव्हिटी' म्हणून एक आकडा असतो. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, ते तो सांगतो. ८७ ऐवजी ९० आकड्याचा स्पीकर घेतला तर अॅम्प्लिफायर न बदलता तो दुप्पट केल्याइतका फरक पडतो. म्हणून मोठा अँप घेण्याआधी चांगला स्पीकर पाहावा.

तिसरी गोष्ट, लहान अँप शेवटपर्यंत पिळून वाजवला की आवाज फाटतो. फाटलेल्या आवाजात वरच्या पट्टीचा कर्कशपणा वाढतो, लहान स्पीकर तापून जळतात आणि ऐकणाऱ्याला काही कळत नाही म्हणून तो आणखी वाढवतो. मध्यम ताकदीचा अँप अर्ध्यावर स्वच्छ वाजवणे यापेक्षा बरे. अँपची ताकद अशी स्वच्छपणासाठी वापरली तर तिला माझी हरकत नाही.

मग करायचे काय?

आधी वारा कमी करा, मग गाण्याकडे या. क्रम बदलू नका.

पहिले, पुढची काच. काच नाही त्यापेक्षा चुकीच्या उंचीची काच कधीकधी वाईट. तिच्या वरच्या कडेवरून उसळलेला वारा नेमका हेल्मेटवर आदळतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागेपुढे वाहन नसताना, बेताच्या वेगात सीटवरून दोन-तीन इंच उठून पाहा, मग थोडे वाकून पाहा. आवाजात एकदम फरक पडला तर काचेची उंची किंवा कोन बदलायला हवा.

दुसरे, हेल्मेट. ते पूर्ण तोंडाचे, गालाशी घट्ट बसणारे असावे. मानेपाशी फट राहत असेल तर तिथे नीट बसणारी मानपट्टी किंवा पातळ मफलर वापरा. मफलरची टोके जॅकेटच्या आत खोचा, मागे लोंबती ठेवू नका. आवाज कमी यावा म्हणून कोणी हेल्मेट काढून चालवत असेल तर त्याने तसे मुळीच करू नये. उघड्या डोक्याला वाराही लागतो आणि रस्ताही.

तिसरे, कानातले बुचे. फोमचे मऊ बुचे औषधाच्या दुकानात मिळतात, किंमत किरकोळ असते. नीट बसवले तर साधारण १५ ते २५ डेसिबल आवाज अडतो. म्हणजे ९४ चे ७० ते ८० च्या घरात येतात. दिवसभराची सफर मग कानाला झेपते. बसवण्याची रीत अशी: हात धुवावेत, बुच बोटांत फिरवून बारीक सुरळी करावी, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढावा, सुरळी आत सारावी आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावी. कापसाच्या बोळ्याने हे काम होत नाही. कानात तेल घालण्यानेही होत नाही.

इथे हमखास प्रश्न येतो. "डॉक्टर, बुचे घातल्यावर हॉर्न कसा ऐकू येणार? गाणी कशी ऐकू येणार?" बुच वारा, हॉर्न आणि गाणे सगळेच खाली आणते, त्यामुळे त्यांचे आपसातले प्रमाण फारसे बदलत नाही. उलट फार मोठ्या आवाजात कान भांबावतो, शब्द वेगळे काढू शकत नाही. आवाज खाली आला की त्याला ते जमते. पुष्कळ चालकांना बुचे घातल्यावर गाणे आधीपेक्षा स्वच्छ ऐकू येते आणि संध्याकाळी डोके जड होत नाही. मात्र ज्यांना आधीच कमी ऐकू येते, कान वाहतो किंवा पडद्याला भोक आहे, त्यांनी विचारल्याशिवाय बुचे घालू नयेत. आणि गाण्याचे इअरफोन म्हणजे बुचे नव्हेत. ते वाऱ्यावर मात करायला कानाच्या आतच आवाज वाढवतात.

इतके झाल्यावर गाणे अपुरे वाटले तरच स्पीकर बदला. ते पाणी-धूळ सोसणारे असावेत, मागून हवाबंद बसलेले असावेत आणि तोंड तुमच्या चेहऱ्याकडे असावे. पोटाकडे तोंड करून बसवलेल्या स्पीकरचा वरचा सूर वाऱ्यातच जातो. अँप घेतलाच तर वायरिंग माहीतगाराकडून करून घ्या. २०० वॉट ओढणारा अँप १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे १७ अँपिअर करंट घेतो. त्याला जाड वायर आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच. लहान गाडीचा आल्टरनेटर इतके पुरवू शकत नाही. मग बॅटरी उतरते, आणि रात्री घाटात दिवा मंद झाला तर प्रश्न कानापुरता राहत नाही.

मागे बसणाऱ्याचे आणि रस्त्यावरच्यांचे कान

मोठ्या टूरिंग गाड्यांना मागच्या सीटजवळही स्पीकर असतात. तिथे पत्नी किंवा मुलगा बसतो. आवाजाचे बटण मात्र चालवणाऱ्याच्या हाती. कपडे, जेवण, थांबे सगळे विचारतो, तसे "आवाज सहन होतो का?" हेही विचारावे. बुच्यांची दुसरी जोडी सोबत ठेवावी. मुलांना तासन् तास असे नेऊ नये.

वेगात वाढवलेला आवाज गावात शिरल्यावर तसाच राहतो, याचेही भान हवे. काही गाड्यांत वेग कमी झाला की आवाज आपोआप उतरतो. तशी सोय नसेल तर हाताने उतरवावा. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. आत कोणीतरी नुकताच शस्त्रक्रियेतून बाहेर आलेला असतो.

घरच्या घरी परीक्षा

सफरीला निघण्याआधी सकाळी घरातल्या रेडिओचा किंवा टीव्हीचा आवाज इतका कमी करा, की बातम्या जेमतेम कळतील. तो आकडा लिहून ठेवा. संध्याकाळी परत आल्यावर त्याच आकड्यावर ऐका. कळेनाशा झाल्या, तर दिवसभरात कानाला मार बसला आहे असे समजा. दुसरी परीक्षा चहाच्या टपरीवर. हायवेवर ठेवलेला आवाज न बदलता गाडी बंद असताना क्षणभर गाणे लावा. तुम्हीच दचकून हात बटणाकडे नेलात, तर किती वाजवत होतात ते कळेल.

सफरीनंतर कानात शिट्टी किंवा किर्र आवाज, दडे बसणे, बायकामुलांचे बोलणे न कळणे, गर्दीत शब्द हरवणे, टीव्हीवरून घरात भांडणे, यांपैकी काहीही वारंवार होत असेल तर कान-नाक-घसातज्ज्ञांकडून ऑडिओग्राम करून घ्या. तपासणीत काही टोचत नाहीत, दुखत नाही. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. अशा अचानक आलेल्या बहिरेपणात लवकर औषध मिळाले तर काहींचे ऐकणे परत येते, उशीर केला तर ती शक्यता कमी होते. पूर्वी टीबीसाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने घेतली असतील किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. असे कान आवाजाला जास्त हळवे असू शकतात.

वर सांगितलेल्या तरुणाने अँप घेतला नाही. जुनेच स्पीकर, काचेची उंची बदलली, आणि खिशात बुच्यांची डबी. जे गेले ते परत आले नाही. रातकिडे अजून आहेत, पण पुढच्या वर्षीच्या तपासणीत आलेखातला खड्डा वाढलेला नव्हता.

थोडक्यात

- स्पीकर बदलण्याआधी तेच गाणे घरातल्या तरुण कानांना ऐकवा.
- आधी काच, मग हेल्मेट, मग बुचे. शेवटी स्पीकर आणि अँप.
- वॉटपेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी पाहा.
- दर तास-दीड तासाने थांबा, गाणी बंद करा, कानांना विसावा द्या.
- मागे बसणाऱ्याला आवाजाबद्दल विचारा.
- सफरीनंतर शिट्टी वाजली तर 'होईल बरे' म्हणून सोडून देऊ नका.

स्पीकर बिघडला तर दुसरा बसवता येतो. कानाचे सुटे भाग कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत गाडी काढणार असाल तर आजच बुच्यांची जोडी घेऊन ठेवा.